जपानी गेम परदेशात जाताना भाषेखेरीज काय बदलते?

जपानमध्ये निघालेला व्हिडिओ गेम अमेरिकेत किंवा युरोपात जातो तेव्हा फक्त भाषा बदलते की गेमही बदलतो, आणि बदलत असेल तर कशासाठी, असे आपण विचारले आहे. गेमही बदलतो. १९८० आणि १९९०च्या दशकांतील गेमपुरते बोलायचे तर भाषांतर हा त्या बदलांतील किरकोळ भाग असे. या विषयावर चर्चा सुरू झाली की लोक लगेच सेन्सॉरशिपकडे वळतात. माझ्या मते मात्र गेमच्या पोटात शिरून फरक केला तो आधी गेम चालवणाऱ्या यंत्राने आणि मग गेम भाड्याने देण्याच्या धंद्याने.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गेमने करतो. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' होता, त्यांना बंदूक घेऊन पळत शत्रू टिपण्याचा कॉन्ट्रा सांगावा लागत नाही. आमच्या कॅसेटमधील कॉन्ट्राचे जंगल अगदी निश्चल होते. पुष्कळ वर्षांनी मी त्याच गेमची १९८८ची जपानी आवृत्ती पाहिली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात झाडांची पाने वाऱ्यावर हलताना दिसली. पुढे बर्फाच्या प्रदेशात खरोखर बर्फ पडत होते, आणि टप्पा सुरू होण्याआधी आपण बेटावर नेमके कुठे आहोत हे दाखवणारा नकाशा येत होता. लहानपणी शेकडो वेळा तुडवलेले जंगल पहिल्यांदाच जिवंत झाल्यासारखे वाटले.

याचे कारण कॅसेटच्या आत होते. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे फॅमिकॉम हे टीव्हीला जोडायचे यंत्र जपानमध्ये १९८३ साली आले आणि तेथे कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामीसारख्या मोठ्या कंपन्या कॅसेटमध्ये स्वतः घडवलेली चिप बसवू शकत. कॉन्ट्राच्या जपानी कॅसेटमध्ये अशी कोनामीची व्हीआरसी२ चिप होती. पडद्यावरील चित्रांचे तुकडे झटपट अदलाबदल करणे तिला जमत असे, आणि पाने हलत ती त्यामुळेच. अमेरिकेत हेच यंत्र एनईएस या नावाने, वेगळ्या पेटीत विकले गेले आणि तेथे कॅसेटच्या आतील मांडणी निन्टेन्डोच्याच पठडीतली असावी लागे. त्यामुळे कोनामीने साध्या बोर्डावर गेम बसवला आणि पाने, बर्फ, नकाशे हे सारे गाळले. कथाही बदलली. मूळ गेम २६३३ साली न्यूझीलंडजवळच्या एका काल्पनिक द्वीपसमूहात घडतो. अमेरिकी पुस्तिकेने तो वर्तमानकाळात, ॲमेझॉनच्या जंगलात आणून ठेवला. खेळताना त्याने काडीचाही फरक पडत नाही, हे वेगळे.

यंत्रातील फरकाचा सर्वांत मोठा फटका कोनामीच्याच कॅसलवेनिया ३ या गेमला बसला. जपानमध्ये १९८९ साली निघालेल्या या गेमच्या कॅसेटमध्ये व्हीआरसी६ ही चिप होती आणि तिच्यात संगीतासाठी तीन जादा स्वरवाहिन्या होत्या. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असत, आणि त्यांच्यामार्फत यंत्राचा आवाज कॅसेटमध्ये जाऊन, तिथला आवाज त्यात मिसळून, पुन्हा बाहेर येण्याची सोय होती. एनईएसच्या कॅसेटला पिना अधिक, म्हणजे ७२, पण आवाजाची ही वाटच तिथे नाही. परिणामी १९९०च्या अमेरिकी आवृत्तीसाठी तेच संगीत यंत्राच्या स्वतःच्या तुटपुंज्या वाहिन्यांवर पुन्हा बसवावे लागले. चाल तीच, पण तानपुरा आणि पेटी काढून घेतल्यावर मैफलीची जी गत होते ती या संगीताची झाली. आपल्याकडे मिळणाऱ्या नकली यंत्रांची खाच मात्र जपानी मापाची, ६० पिनांची असे. म्हणजे नक्कल का होईना, आपण अमेरिकेपेक्षा जपानशी अधिक जवळचे होतो.

निन्टेन्डोच्या झेल्डा मालिकेतील पहिल्या गेमची गोष्ट याहून मजेशीर आहे. फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटमध्ये छोटा मायक्रोफोन बसवलेला होता. गेममध्ये सशासारख्या मोठ्या कानांचा एक राक्षस आहे आणि त्याला मोठा आवाज सहन होत नाही, असे पुस्तिकेत लिहिले होते; जपानी मुलाने मायक्रोफोनमध्ये ओरडले की तो मरत असे. अमेरिकी यंत्राच्या रिमोटमध्ये मायक्रोफोन नव्हता, म्हणून तेथे तो बाणाने मरेल अशी व्यवस्था केली गेली, पण पुस्तिकेतील वाक्य तसेच राहिले. त्यामुळे अमेरिकी मुले हातातील जादूची बासरी त्याच्यासमोर वाजवत बसली आणि राक्षस ढिम्म हलेना. इथे भाषांतरकाराने काम चोख केले होते. ज्या वस्तूबद्दल तो लिहीत होता तीच पेटीत नव्हती.

आता भाड्याचा धंदा. जपानमध्ये प्रताधिकार कायद्यामुळे गेम भाड्याने देण्याचा व्यवसाय उभा राहू शकला नाही. अमेरिकेत मात्र व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांतून गेमही दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने मिळत. शनिवार-रविवारी संपणारा गेम कोण विकत घेणार, या भीतीने कंपन्या अमेरिकी आवृत्ती मुद्दाम अवघड करत. याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण म्हणजे १९९४चा कॉन्ट्रा: हार्ड कोर. जपानी आवृत्तीत खेळाडू तीन मार सोसू शकतो आणि हरल्यावर हवा तितक्या वेळा पुढे खेळू शकतो. अमेरिकी आवृत्तीत एक गोळी लागली की खेळ खलास, आणि पुन्हा सुरू करण्याच्या संधीही मोजक्याच. कॅसलवेनिया ३मध्येही असेच झाले. जपानी आवृत्तीत कोणता शत्रू किती इजा करणार हे शत्रूवर ठरते, तर अमेरिकी आवृत्तीत टप्पा पुढे सरकला की साधे वटवाघूळही जबर तडाखा देते. शिवाय ग्रँट हे पात्र मुळात खंजीर फेकत असे. परदेशी गेल्यावर त्याच्या हाती जवळून भोसकण्यापुरताच खंजीर उरला. 'जपानी गेम फार कठीण असतात' असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी खेळलेली आवृत्ती जपानी नव्हतीच.

उलट दिशेचा प्रसिद्ध अपवादही सांगायला हवा. जपानमध्ये १९८६ साली निघालेला सुपर मारिओ ब्रदर्स २ इतका जाचक होता की निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेने तो नको म्हटले. मग फुजी टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी बनवलेला डोकी डोकी पॅनिक हा पूर्णपणे निराळा गेम घेऊन, त्यातील चार पात्रांच्या जागी मारिओ, लुइजी, राजकन्या आणि टोड यांना उभे करून, १९८८ साली तोच अमेरिकेत 'मारिओ २' म्हणून विकला गेला. लुइजी आपल्या भावापेक्षा, म्हणजे मारिओपेक्षा, उंच उडी मारताना हवेत पाय झाडतो, ती लकब त्याला त्या गेममधील आईच्या पात्राकडून मिळाली. हाच गेम पुढे १९९२ साली 'सुपर मारिओ यूएसए' या नावाने जपानला परतला.

सेन्सॉरशिपचे थोडक्यात आटोपतो, कारण तिच्याविषयी सगळीकडे लिहिलेले सापडते. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेला धार्मिक चिन्हे, दारू आणि नग्नता चालत नसे. म्हणून मदर २, म्हणजे अमेरिकेतील अर्थबाउंड, या गेममध्ये दवाखान्यावरील क्रॉस गेला आणि बारचे कॅफे झाले. फायनल फँटसी ४ या गेममधील 'होली' हा मंत्र नुसता 'व्हाइट' झाला. जर्मनीत अल्पवयीनांना अपायकारक ठरलेल्या साहित्याची सरकारी यादी असे आणि तीत नाव गेले की जाहिरात बंद, दुकानात उघड मांडणी बंद. ते टाळण्यासाठी युरोपातील कॉन्ट्रामधून माणसे काढून यंत्रमानव घातले गेले आणि गेमचे नाव प्रोबोटेक्टर झाले. यंत्रमानव मारले तर कोणाचे काय जाते, असा तो सरळ हिशेब होता.

भाषेबद्दल एकच मुद्दा मांडतो, कारण मराठी वाचकाला तो चटकन कळेल. जपानी काना लिपीत आपल्या बाराखडीसारखे एका चिन्हात एक अक्षर मावते, त्यामुळे चार-पाच खणांच्या चौकटीत पुरते नाव बसते. इंग्रजीला तेवढ्याच अक्षरांसाठी दुप्पट जागा लागते आणि कॅसेटमधील जागा तर ठरलेली. जुन्या फायनल फँटसीत 'फाइरा', 'फाइगा' असे चढत्या क्रमाने येणारे मंत्र इंग्रजीत 'फायर २', 'फायर ३' असे कोरडे झाले, त्यात या अडचणीचाही वाटा होता.

भाषांतराचे धाडस पाहायचे असेल तर फीनिक्स राइटच्या वकिली गेमकडे पाहावे. मूळ नायकाचे आडनाव नारुहोदो, म्हणजे 'अस्सं होय!'; या श्लेषाला इंग्रजीत प्रतिशब्द नव्हता, म्हणून २००५च्या अमेरिकी आवृत्तीत नावच नवे बनवले आणि कथा लॉस एंजेलिसमध्ये हलवली. नायकाची सहकारी मूळ गेममध्ये रामेन मिटक्या मारत खाते, तिला बर्गर दिले. हे एका गेमपुरते खपून गेले. पण पुढच्या भागांत जपानी भुतांचे एक अख्खे खेडेच आले, आणि ते कॅलिफोर्नियात कसे वसले याचे स्पष्टीकरण अनुवादकांना देत बसावे लागले. मला स्वतःला नावाचा बदल पटतो, बर्गरचा पटत नाही.

आज यंत्रे सर्वत्र सारखीच आहेत आणि गेमही बहुधा एकाच दिवशी जगभर निघतात, त्यामुळे पाने हलण्या-न हलण्यासारखे फरक उरलेले नाहीत. कात्री मात्र आता बऱ्याचदा जपानमध्ये चालते. तेथील सेरो या वर्गीकरण संस्थेच्या निकषांमुळे २०१७ साली रेसिडेंट इव्हिल ७ची साधी आणि अधिक रक्तरंजित अशा दोन आवृत्त्या जपानमध्ये वेगवेगळ्या विकल्या गेल्या. अमेरिकी गेम फॉलआउट ३ जपानला गेला तेव्हा अणुबाँबने एक वस्ती उडवून देण्याचा पर्याय त्यातून काढून टाकला गेला. तो का काढला, हे सांगायची गरज नाही.

हे फरक स्वतः पडताळायचे असतील तर कोनामीने २०१९ साली काढलेल्या कॉन्ट्रा आणि कॅसलवेनियाच्या वर्धापन संग्रहांत जपानी आवृत्त्याही दिलेल्या आहेत. कॉन्ट्राचा पहिला टप्पा दोन्ही आवृत्त्यांत पाठोपाठ खेळावा आणि जपानी आवृत्तीत लगेच पळत सुटू नये. सुरुवातीला क्षणभर थांबून मागच्या झाडांकडे पाहावे.