'सर्वनाशोत्तर' नको, 'वांचकथा' म्हणा

एका वाचकाचा प्रश्न आहे: जग उद्ध्वस्त झाल्यावर चारदोन माणसं कशीबशी तगून राहतात, अशा थरारक कादंबऱ्यांना मराठीत 'प्रलयोत्तर' म्हणावं की 'सर्वनाशोत्तर'? आणि लोकांना त्या एवढ्या का आवडतात?

दोन्ही शब्द नकोत. 'सर्वनाशोत्तर' तर ऐकवत नाही. सर्वच नाश पावलं, तर पुढची तीनशे पानं पळतंय कोण? 'सर्वनाशे समुत्पन्ने अर्धं त्यजति पण्डितः' हे वचन शाळेत घोकलेलं असतं. सर्वनाशाची वेळ आली की शहाणा अर्ध्यावर पाणी सोडतो. म्हणजे तिथेही अर्धं उरतंच. कादंबरी असते ती त्या उरलेल्या अर्ध्याची.

'प्रलय' बातम्यांनी नासवला. एक नाला तुंबला की प्रलय, दोन तुंबले की महाप्रलय! पुराणांत प्रलय चार सांगितलेत: नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक आणि आत्यंतिक. यातला आत्यंतिक म्हणजे चक्क मोक्ष. मोक्षानंतरची थरारकथा कुणी लिहिली तर मी रांग लावून विकत घेईन. शतपथ ब्राह्मणात मनू, मासा आणि नाव यांची गोष्ट आहे. सगळी प्रजा वाहून जाते आणि मनू एकटा उरतो. आपण तिला बिनदिक्कत प्रलयाची गोष्ट म्हणतो, पण तिथे त्या पुराला शब्द वापरलाय 'औघ'. ओघ, प्रवाह, इतकंच.

इंग्रजीतल्या 'पोस्ट-अपोकॅलिप्टिक'चं शब्दशः भाषांतर हवं म्हणणाऱ्यांनी 'अपोकॅलिप्स'चं मूळ ग्रीक पाहावं. अर्थ आहे आवरण काढणं, उघड करणं. मराठी बायबलात शेवटच्या पुस्तकाचं नाव 'प्रकटीकरण' आहे, ते अगदी चोख. तेव्हा शब्दशःच जायचं तर 'प्रकटीकरणोत्तर थरारकथा' छापा आणि गठ्ठे मोजत बसा.

खरा शब्द घरातच आहे. वाचणे.

इथे कुणीतरी 'वाचाल तर वाचाल' म्हणणार, हे मला ठाऊक आहे. वाचनालयाच्या प्रत्येक समारंभात हे वाक्य भिंतीवर असतं, आणि त्याखाली बसलेला प्रमुख पाहुणा ही दोन्ही क्रियापदं एकच असल्याचं सांगून टाळ्या घेतो. श्लेष म्हणून झकास, व्युत्पत्ती म्हणून साफ चूक. पुस्तक वाचणं आलं संस्कृत 'वाच्'पासून, ज्यातून वाचा आणि वाचाळ आले. जीव वाचणं आलं संस्कृतच्याच 'वञ्च्'पासून. हिंदीतलं 'बचना' त्याचंच भावंड. जुन्या छपाईत फरक डोळ्यांना दिसायचा: पोथी 'वाचणें', जीव 'वांचणें'. डोक्यावरचा तो ठिपका म्हणजे 'वञ्च्'मधल्या ञ्-ची शेवटची खूण. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि दोन क्रियापदं एका कपड्यात आली. उच्चारात नाही म्हणून काढला, हे तर्कशास्त्र मला कळतं, पण पटत मुळीच नाही. अनुस्वार उच्चारासाठी असतो तसा आठवणीसाठीही असतो.

आणि हा 'वञ्च्' काय म्हणतो पाहा! वाकडंतिकडं जाणं, चुकवणं, हुलकावणी देणं. वंचना, वंचक, वंचित ही सगळी त्याचीच पिलावळ. म्हणजे मराठीत जो वांचला, तो बलवान म्हणून उरला असं भाषा म्हणतच नाही. त्याने मरणाला चकवलं. या कादंबऱ्यांचं दर दुसरं प्रकरण म्हणजे काय? ओसाड रस्त्यावरून आडवाटेने सटकायचं, दिवा विझवायचा, आपल्याकडे धान्य आहे हे लपवायचं.

माझं म्हणणं अजून पुढचं आहे. 'पाण्यावाचून', 'तुझ्यावाचून' यातलं 'वाचून' पूर्वी 'वांचून' असंच लिहीत. माझ्या मते तेही याच क्रियापदाचं: अमुक सोडून जे उरतं ते. ओढूनताणून आणलंय म्हणणारे आहेत. त्यांनी जुन्या पोथ्यांतलं 'तुजवांचूनि' एकदा मोठ्याने म्हणावं.

आवडतात का, हा प्रश्न राहिलाच. उत्तर याच 'वाचून'मध्ये आहे. 'कुणावाचून कुणाचं अडत नाही' असं आपण येताजाता म्हणतो. या कादंबऱ्या ते खरं करून बघतात. विजेवाचून, औषधावाचून, शेजाऱ्यावाचून कुठवर? वाचणारा मनातल्या मनात स्वतःच्या घरातली यादी करत असतो, सिलिंडर किती दिवस पुरेल, विहिरीचा दोर कुठाय. भीती असते, पण हिशेबाची मजा त्याहून मोठी. मेरी शेलीने 1826 सालीच 'द लास्ट मॅन' लिहिली. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस साथीने माणूसजात संपते आणि एकटा उरलेला नायक रोममध्ये बसून ही हकिगत लिहितो. मग एक कुत्रा आणि थोडी पुस्तकं घेऊन नावेतून निघतो. पुस्तकांत मुख्य कोण, तर होमर आणि शेक्सपिअर. वांचला, आणि वाचणार आहे! (भिंतीवरच्या त्या वाक्यालाच हे पुरावा म्हणून जोडू नका, हात जोडतो.)

तर 'वांचकथा' म्हणा. मुद्रितशोधक अनुस्वार काढील. पुन्हा घाला.