पिकअपला दोन पाटे (मागच्या कमानीतील पोलादी पट्ट्या) वाढवून दीड टनाऐवजी अडीच टन माल नेता येईल का?

नाही. पाटे वाढवल्याने गाडी मागून बसायची थांबेल, पण तिची कायदेशीर किंवा यांत्रिक भारक्षमता एका किलोनेही वाढणार नाही. आरसी बुकात नोंदलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्यावर जे उरते तीच मर्यादा, आणि ती ॲक्सल, बेअरिंग, चासी, टायर व ब्रेक यांतील सर्वांत कमकुवत भागावरून ठरलेली असते. टायरच्या बाजूवर 100 हा भारांक असेल, तर ठरलेल्या हवेवर तो जास्तीत जास्त 800 किलो पेलतो, वर कमान कितीही जाड असो. खरा धोका ब्रेकचा आहे: मार्केट यार्डासाठी कांदा भरून दिवे घाट उतरताना वाढीव वजनाची सगळी उष्णता त्याच ड्रम-लायनरवर येते. शिवाय काही गाड्यांत मागचा भाग किती दबला यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारी झडप असते, आणि पाटे वाढवले की गाडी दबत नाही, त्यामुळे ती झडप भरलेल्या गाडीलाही हलकी समजते आणि मागचा ब्रेक कमी लागतो (हे गॅरेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही). मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही आपलाच. मात्र मंजूर भारातच गाडी बसत असेल, तर थकलेले पाटे बदलून कंपनीच्या मापाचा नवा संच अवश्य बसवावा.