तो तक्ता आधी भिंतीवरून उतरवा

पत्र: मुलगी लातूरला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेटाबेसच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर साठवलेल्या नोंदींच्या, प्रॅक्टिकलला २५ पैकी ९ मार्क. नाव शोधायची साधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम. त्यात लाइक (अर्धवट अक्षरांवरून जुळणारं नाव शोधायचा शब्द) घालायचं, तिथे = टाकलं. % आणि _ अशा चिन्हांचा तक्ता भिंतीवर लावून रोज रात्री म्हणून घेतो, तरी चुकते, रडते. कॉलेज सोडवून बँकेच्या परीक्षेचा क्लास लावू का? माझं कृषी सेवा केंद्र आहे.

उत्तर: मला काळजी ९ मार्कांची वाटली नाही. कॉलेजात शिकणारी मुलगी रोज रात्री वडिलांसमोर चिन्हं म्हणते आणि रडते, याची वाटली. तिला हा विषय आवडतो का, प्रॅक्टिकलला नेमकं कुठे अडलं, याबद्दल तुमच्या पत्रात चकार शब्द नाही. विचारलंत का कधी? धाकापोटी चुकणाऱ्या मुलीवर तुम्ही 'हिला जमत नाही' असा शिक्का मारताय.

बँकेत क्लार्क व्हायलाही पदवी लागते. आता कॉलेज सोडवलंत तर तेलही जाईल आणि तूपही.

हे पाठांतराचं काम आहे, हा तुमचा मोठा गैरसमज. % म्हणजे कितीही अक्षरं, अगदी शून्यसुद्धा. _ म्हणजे नेमकं एक. पाठ करायचं ते एवढंच. खरी गोम पुढे आहे. लाइकच्या जागी = टाकलं की डेटाबेस % ला साधं अक्षर समजतो आणि नावातच % असलेला माणूस शोधत बसतो. एरर येत नाही, नुसतं रिकामं उत्तर येतं. अशा वेळी चूक कळणार कशी? शिवाय तुमचा तक्ता सगळीकडे चालतही नाही. डेटाबेसचे प्रकार अनेक. त्यातलं मायएसक्यूएल सहसा कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, पोस्टग्रेसचं लाइक करतं. आणि % सुरुवातीलाच लावला तर नेहमीचा इंडेक्स, म्हणजे नोंदींची क्रमवार सूची, कामी येत नाही. शेवटच्या अक्षरावरून शब्दकोशात शब्द शोधावा तशा लाखो नोंदी एकेक करून तपासाव्या लागतात. हे घोकून येत नाही, करून बघावं लागतं.

तिला दुकानाची उधारीची यादी द्या. चौधरी हे आडनाव इंग्रजीत लिहिताना कोणी तिसरं अक्षर ए घालतं, कोणी ओ. शेवटी कोणी आय, कोणी वाय. त्या दोन जागी _ ठेवला की चारही तऱ्हेचे चौधरी एका क्वेरीत सापडतात. एसक्यूलाइट नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. ती करत असताना शेजारी बसू नका. एवढं करूनही तिला बीसीए नको असेल, तर ते तिच्या तोंडून ऐका. पुढचं पत्रही तिलाच लिहू द्या.