घर बदलताना फिशटँकमधले मासे कसे न्यावेत?

तीन फुटी टाकी, त्यात दोन एंजल, बारा निऑन टेट्रा, पाच कॉरी, वीतभर लांबीचा एक सकर आणि सहा तासांचा रस्ता. तुम्ही विचारलंय की टाकी अर्धी भरलेली ठेवून माशांसकट टेम्पोत चढवली तर चालेल का, जुनं पाणी किती न्यावं, आणि फिल्टर धुऊन पॅक करायचा की तसाच. पहिल्याचं उत्तर 'अजिबात नाही'. दुसऱ्याचं, 'तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी'. तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मासे जगतात की मरतात ते त्यावरच ठरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी दोनदा टाकी हलवली आहे. पहिल्या वेळी जुनं पाणी जिवापाड जपलं. कॅनच्या कॅन भरून नेले, थेंब सांडू दिला नाही. फिल्टरची घाण मात्र नव्या घरात कशाला, म्हणून आदल्या रात्री नळाखाली खसाखसा धुतला, स्पंज पिळून पिळून नव्यासारखा निळा केला, गॅलरीत वाळवला आणि खोक्यात भरला. मासे सगळेच्या सगळे धडधाकट पोहोचले. मी खूश. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टेट्रा पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. चौथ्या दिवशी सकाळी तीन मेलेले. आठवडाभरात चौदातले नऊ गेले. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे बरेच दिवस मी प्रवासालाच दोष देत होते.

दोष त्या निळ्याशार स्पंजाचा, म्हणजे माझा होता. मासे कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतात. टाकीतले एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट, जे बऱ्याच प्रमाणात माशांना सोसतं. हे जिवाणू सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास मातीतून वेगळे काढून दाखवले. शेतातल्या मातीत जे चालतं तेच आपल्या टाकीत चालतं, फक्त इथे मातीच्या जागी स्पंज असतो. हे जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात, म्हणजे स्पंजावर, सिरॅमिक रिंगांवर, खड्यांवर. पाण्यात ते नावापुरते असतात. मी कॅनमधून नेलं ते नुसतं पाणी होतं. अमोनियाचं काम सांभाळणारी सगळी फौज मी क्लोरीनच्या नळाखाली मारून, वर वाळवून टाकली होती. नवी वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर अमोनिया साठतच जातो. त्यामागून नायट्राइट वाढतं, आणि ते रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं. मग पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो. टेट्रांची ती उघडझाप म्हणजे तेच.

तेव्हा फिल्टर धुवायचा नाही. निघण्याआधी आठवडाभर त्याला हातही लावू नका. निघायच्या दिवशी तो सगळ्यात शेवटी बंद करा आणि नव्या घरी सगळ्यात आधी सुरू करा. तुमचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, आहे असं लिहिलंय. त्याची झाकणं लावून पाण्यानं भरलेला तसाच नेला तर आतला ऑक्सिजन जिवाणूच थोड्या वेळात संपवतात आणि मग मरायला लागतात. सहा तासांनी तो तसाच सुरू केला की ते कुजकं पाणी थेट टाकीत येतं. म्हणून आतला माल, म्हणजे स्पंज आणि रिंगा, बाहेर काढा, झाकणाच्या बादलीत ठेवा, टाकीतलंच थोडं पाणी घाला, माल ओला राहील पण बुडणार नाही इतकंच. झाकण घट्ट दाबू नका. ओल्या स्पंजाला हवेतून जितका ऑक्सिजन मिळतो तितका साचलेल्या पाण्यात मिळत नाही.

दुसऱ्या वेळी ही बादली मी गाडीत पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला होता. सामान चढवणाऱ्यांपैकी एक काका बघत होते. म्हणाले, "ताई, मासे ना यात?" म्हटलं, मासे मागे आहेत, यात गाळाचा स्पंज आहे. त्यांनी झाकण उचलून आत पाहिलं, वास घेतला आणि काही न बोलता कपाटाकडे वळले.

आता टाकी. तीन फुटी म्हणजे साधारण ९०×४५×४५ सेंटिमीटर धरली तर काठोकाठ १८२ लिटर होतात. अर्धी भरली तरी नव्वद किलो पाणी, तीसेक किलो काच आणि वर खडे. चार माणसांना हे उचलता येईलही, पण प्रश्न वजनाचा नाही, हिंदकळण्याचा आहे. प्रत्येक खड्ड्यात ते पाणी एका बाजूच्या काचेवर जाऊन आदळतं, टाकीला पीळ बसतो आणि सिलिकॉनचे सांधे सैल होतात. त्याच वेळी फुटली तर निदान कळतं तरी. गळती पुष्कळदा नंतर, मध्यरात्री सुरू होते. शिवाय जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धड चिकटत नाही, त्यामुळे सांधा गेला की बाहेरून ठिगळ लावून भागत नाही. टाकी पूर्ण रिकामी करा. खडेसुद्धा काढा. उचलताना वरच्या पट्टीला धरू नका, तळाखाली हात घाला. सामान नेणाऱ्यांना ती काच आहे हे दोनदा सांगा. जिवंत प्राणी ते बहुतेक घेत नाहीत, आणि घेतले तरी देऊ नका. मासे तुमच्याच गाडीत.

खड्यांबद्दल एक गोष्ट. वरून स्वच्छ दिसणाऱ्या खड्यांखाली वर्षांचा गाळ असतो. जिथे थर जाड असतो, विशेषतः बारीक वाळूचा, तिथे हवा पोहोचत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो. मासे टाकीत असताना खडे उकरलेत तर सडक्या अंड्याचा वास येईल आणि माशांच्या जिवावर बेतेल. म्हणून आधी मासे बाहेर, मग खडे. ते खडे टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा खळबळून घ्या. गाळ जाईल, जिवाणू बरेचसे राहतील. माझ्या मते टाकी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर हलवणं ही खडे धुण्याची एकमेव बरी संधी असते.

पकडण्याआधी दोन दिवस माशांना खायला घालू नका. जीव तुटतो, पण धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो, आणि पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी कमी खराब होतं. हीटर पाणी काढण्याच्या वीस मिनिटं आधी बंद करा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच तडकते. (माझी तडकली आहे.) आधी झाडं आणि लाकूड काढा; झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली की दिवसभर टिकतात. मग पाणी उपसत उपसत वीतभर उरू द्या. भरलेल्या टाकीत टेट्रांमागे जाळी फिरवणं म्हणजे अर्धा तास तुम्ही दमणार आणि मासे अर्धमेले होणार. वीतभर पाण्यात पाच मिनिटांचं काम असतं.

सकरला मात्र जाळीने धरू नका. घाबरला की तो परांचे काटे ताठ करतो, ते जाळीत अडकतात आणि मग कात्री आणून जाळी कापावी लागते. त्याला एखाद्या प्लास्टिकच्या डब्यात हाकलत न्या आणि डब्यासकट उचला. पिशवीतही घालू नका, काट्याने भोकं पडतात. तो झाकणाच्या बादलीत, एकटा. कॉरींनाही काटे असतात, त्यामुळे त्याही वेगळ्या बादलीत. त्यांचं आणखी एक आहे. फार घाबरल्या की त्या अंगातून विषारी स्राव सोडतात आणि थोड्या पाण्यात तो त्यांनाच भोवतो. पकडल्यावर दहा-पंधरा मिनिटं त्यांना एका भांड्यात राहू द्या, मग टाकीच्याच ताज्या पाण्यात हलवा आणि निघा. बादल्या अर्ध्या-पाऊण भरा आणि त्यांत बॅटरीवर चालणारे छोटे एअर पंप लावा. हे पंप वीज गेल्यावरही कामाला येतात.

टेट्रा पिशवीत आरामात जातात. सहा-सहाच्या दोन पिशव्या करा. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा. पाणी जास्त घातलं की मासा जास्त सुखात राहील असं वाटतं, पण त्याला श्वास त्या वरच्या हवेतून पाण्यात उतरणाऱ्या ऑक्सिजनवर घ्यायचा असतो. पिशवीचे खालचे कोपरे रबर लावून बांधा, नाहीतर छोटे मासे तिथे चिमटतात. बाहेरून दुसरी पिशवी. एंजल एकेक वेगळा, मोठ्या पिशवीत उभा मावेल असा. सगळं थर्माकोलच्या डब्यात घालून झाकण लावा. आत तापमान टिकतं, आणि अंधारात मासे शांत राहतात. शोभेचे मासे विमानाने याच पद्धतीने, पिशवीत ऑक्सिजन भरून, २४ ते ४८ तास प्रवास करतात. तुमचे सहा तास म्हणजे काहीच नाही. फक्त उन्हात बंद गाडीत डबा सोडून जेवायला जाऊ नका.

वाटेत पिशव्या उघडून 'ताजी हवा' देण्याचा मोह होतो. देऊ नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) खाली येतो आणि साठलेला अमोनिया बराचसा अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनियम परत अमोनिया होतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणून पोचल्यावर पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा, मासा लगेच टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी बाहेर फेका. उघड्या पिशवीत तासभर चमचा चमचा नवं पाणी घालत बसण्याची पद्धत लांबून आलेल्या माशांना उलटी पडते.

मासा असा लगेच सोडायचा तर टाकीतलं पाणी ओळखीचं हवं. जुनं पाणी उपयोगी पडतं ते इथे. जिवाणूंसाठी नाही, तर पीएच आणि क्षार एकदम बदलू नयेत म्हणून. साठ-सत्तर लिटर नेलं तर तुमची टाकी तिसरा हिस्सा भरते, आणि सगळ्या माशांना त्या रात्रीपुरतं तेवढं पुरतं. उरलेलं नवं पाणी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन टप्प्यांत भरा. त्याआधी एक काम करून ठेवा. नव्या घराची किल्ली घ्यायला जाल तेव्हा तिथल्या नळाचं बाटलीभर पाणी आणून पीएच आणि कठीणपणा तपासा. जुन्याशी साधारण जुळलं तर निश्चिंत, फारच फरक असेल तर जुनं पाणी जास्त न्या आणि बदल चार-पाच दिवसांवर पसरवा. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायला विसरू नका. नुसता क्लोरीन पाणी दिवसभर उघडं ठेवून उडतो, काही ठिकाणी त्याऐवजी वापरतात तो क्लोरामाइन उडत नाही.

नव्या घरी स्टँड आधी लावा, खिडकीच्या थेट उन्हापासून दूर, आणि पातळी तपासा. टाकीखाली फोमचा तुकडा. खडे, त्यावर ताटली ठेवून ताटलीवर पाणी ओता म्हणजे गढूळ होत नाही, मग फिल्टर, मग हीटर, मग मासे. गादी, गॅस, वायफाय सगळं यानंतर. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर भांडण ठरलेलं.

पुढचा आठवडा खाणं दिवसाआड, चिमूटभर. अमोनिया आणि नायट्राइट रोज तपासा. दोन्ही शून्य हवेत. पाव पीपीएम (दहा लाखांत पाव भाग) जरी दिसला तरी तीस टक्के पाणी बदला. पहिल्या रात्री दिवा लावू नका. निऑनची निळी पट्टी फिकी पडलेली दिसेल, भीतीने तसं होतं, सकाळपर्यंत रंग परत येतो. सकर दोन-तीन दिवस दिसला नाही तर शोधत बसू नका. माझा पाच दिवस लाकडामागे होता. मेला समजून सहाव्या दिवशी बाह्या सरसावून हात घातला, तर त्याने शेपटीचा असा फटका मारला की समोरची भिंत भिजली.