ब्रेक सोडायला शिक, सेकंद तिथेच सापडतील

भाऊ, तू लिहिलंस की पोलो घेऊन चेन्नईच्या सर्किटवर दोन ट्रॅक डे (आपली गाडी सर्किटवर पळवायचे दिवस) केलेस, दर वेळी ब्रेक आणखी उशिरा मारलास, तरी लॅप टाइम काही उतरत नाही. मीही नागपूरहून जी.टी. एक्सप्रेसने जाऊन तिथेच शिकलो आणि पहिलं वर्ष याच खटाटोपात घालवलं.

उशिरा ब्रेक मारून तू फार तर दहा मीटर कमावतोस. पण गाडी वळणात जास्त वेगाने घुसते, पुढची चाकं बाहेर घसरतात आणि अ‍ॅक्सिलरेटर द्यायला उशीर होतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचं तिसरं वळण बघ. चढावरचं, संथ वळण, आणि त्याच्यापुढे किलोमीटरभराची सरळ पट्टी. बाहेर पडताना वेग ताशी 5 किलोमीटरने कमी असला तर तो तोटा पट्टीभर तुझ्यासोबत येतो. अशा वळणाला एपेक्स (गाडी वळणाच्या आतल्या कडेला सगळ्यात जवळ येते ती जागा) थोडा उशिरा पकड, म्हणजे स्टिअरिंग लवकर सरळ होईल आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय लवकर खाली जाईल.

आता मुख्य मुद्दा. टायरची पकड मोजकी असते. ती ब्रेकला द्यायची, वळायला द्यायची, की दोघांत वाटायची, एवढंच आपल्या हातात. गाडी सरळ आहे तोवर पूर्ण ब्रेक, आणि स्टिअरिंग जसं वळेल तसा पाय हलका. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पाय झटक्यात उचललास की पुढच्या चाकांवर आलेलं वजन मागे जातं आणि गाडी वळायचं नाव घेत नाही. उलट वळताना ब्रेक जास्त राहिला तर मागची बाजू फिरू शकते, म्हणून हे हळूहळू वाढव.

माझ्या इन्स्ट्रक्टरने बाजूला बसून मूठ आवळली आणि डॅशबोर्डसमोर धरली. मी स्टिअरिंग वळवायला लागलो तशी त्याने करंगळीपासून एकेक बोट उघडलं. अंगठा उघडला तेव्हा आम्ही एपेक्सवर होतो. आजही वळणात शिरताना मला ती मूठ दिसते.

एक सावधगिरी. एक्झिट, म्हणजे वळणातून बाहेर पडणं, सुधारली की पुढच्या वळणावर तू जास्त वेगाने पोचशील. 120 ऐवजी 126 ने आलास तरी थांबायचं अंतर सुमारे दहा टक्के वाढतं. तेव्हा जुना ब्रेक मार्कर (जिथे ब्रेक मारायला लागतोस ती खूण) पुरणार नाही, आधी थोडा अलीकडे घे.

सराव समृद्धी महामार्गावर किंवा रिंग रोडवर वेगात करू नकोस, हे हात जोडून सांगतो. पायाचं वळण शहरातल्या साध्या वेगातही बसतं. सकाळी पोहे आणायला जातोसच ना? येताना तर्रीची पिशवी बाजूच्या सीटवर ठेव आणि शंकरनगर चौकाच्या सिग्नलला असा थांब, की शेवटच्या हातभर अंतरात ब्रेक हलका होत जाईल आणि पिशवी पुढे लवंडणार नाही. रोज कर. महिनाभरात पायाला कळायला लागतं.

हील अँड टो (एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही सांभाळणं) सध्या राहू दे. नजर मात्र आत्ताच सुधार: ब्रेक मारतानाच एपेक्स शोध, तिथे पोचण्याआधी एक्झिट.

जाण्याआधी ब्रेक फ्लुइड बदल. जुनं फ्लुइड पाणी शोषतं, तापून उकळतं आणि पेडल मऊ पडतं. आणि आयोजकांनी परवानगी दिली तर पेडलकडे रोखलेला कॅमेरा घट्ट बसव. तो व्हिडिओ इथे टाक, तुझा पाय कुठे झटका देतो ते मी वळणागणिक बघून सांगतो.