शहर सोडून गावात स्वयंपूर्ण राहायचं आहे. मोठ्या संकटातही टिकून राहता येईल अशी जागा कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की घरात चार माणसं आहेत, कोकणात एक-दोन एकर घ्यायचे आहेत आणि उद्या काही मोठं घडलं तरी वर्षभर निभावेल अशी जागा हवी आहे. शक्यतो उंचावर, वस्तीपासून दूर. मी 2017 पासून दापोली तालुक्यात राहतो. तुमचं बाकी सगळं मला पटतं, ‘वस्तीपासून दूर’ तेवढं पटत नाही. त्याकडे नंतर येतो.

आधी पाणी. मी पहिली जागा पाहिली ती नोव्हेंबरात. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, खाली खाडी दिसणारी, विहीर निम्म्याहून जास्त भरलेली. इसार देण्यापर्यंत बोलणी गेली होती. शेजारच्या वाडीतल्या आजी म्हणाल्या, “पानी बगायचा आसंल तर शिमग्यानंतर ये.” एप्रिलअखेर गेलो तर विहिरीच्या तळाला नुसता ओला गाळ. कारण साधं आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. इथे हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जांभ्यातून झिरपतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि सड्याच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे सड्यावर कोरडं आणि सड्याच्या पायथ्याला ओलं. मी शेवटी जागा घेतली ती तशाच एका झऱ्याखाली. झरा घरापेक्षा उंचावर आहे, त्यामुळे पंप न लावता पाइपातून पाणी आपोआप खाली येतं. जागा बघायची तर मे महिन्यात बघा आणि झरा घराच्या वर आहे की खाली, हे पहिल्यांदा विचारा.

झरा नसेल तर छपराचा हिशेब करा. 100 चौरस मीटर छप्पर आणि 3000 मिलिमीटर पाऊस धरला तर 3 लाख लिटर पाणी पडतं. चार माणसांना रोज माणशी 55 लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांना 53 हजार लिटर लागतात. म्हणजे घरापुरती टाकी आवाक्यातली गोष्ट आहे. खरी तहान भाजीपाल्याची. उन्हाळ्यात एका गुंठ्याला दिवसाला साधारण 500 लिटर लागतात. दोन गुंठे भाजी म्हणजे आठ महिन्यांत 2 लाख 40 हजार लिटर. म्हणून टाकीच्या भरवशावर बाग ठरवू नका. भाताचं तसं नाही, ते पावसावर होतं. माझ्या 20 गुंठ्यांत गेल्या वर्षी 7 क्विंटल भात झालं, भरडल्यावर साडेचार क्विंटल तांदूळ. आम्हा चौघांना तो वर्षभर पुरतो. त्याच खाचरात नंतर कुळीथ आणि पावटा घेतो.

आता उंचीबद्दल. उंच जागा आपोआप सुरक्षित होत नाही. 30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला महाडजवळचं तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी, तिन्ही ठिकाणी डोंगरच घरांवर आला. तळियेची दरड कोसळली त्याच दिवशी चिपळूण पुराच्या पाण्यात होतं. म्हणून तीव्र उताराच्या पायथ्याला घर नको आणि नदीच्या काठालाही नको. घराच्या वर डोंगर किती आहे ते स्वतः चढून पाहा. उतारावर आडव्या भेगा, बुंध्यापाशी वाकलेली झाडं, जेसीबीने नुकताच तोडलेला डोंगर, यांतलं काही दिसलं तर ती जागा कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना बिनचूक माहीत असतं.

आणि वस्ती. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची अर्धी कौलं उडाली आणि वाटेवर आंब्याचं झाड आडवं पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कोणाला हाक मारण्याआधीच, वाडीतले सात जण कोयते आणि करवत घेऊन दारात होते. आमच्याकडे 23 दिवस वीज नव्हती. झऱ्याचं पाणी चालू होतं म्हणून तीन घरं आमच्याकडून पाणी नेत होती. आमच्या सौर पॅनेलवर वाडीतले फोन चार्ज होत, आणि तांदूळ, नारळ, सुकी मासळी आमच्याकडे येत होती. त्याआधी टाळेबंदीत कित्येक गावांनी वेशीवर बांबू आडवे लावले होते. ज्यांना गाव ओळखत होतं त्यांची शाळेत चौदा दिवस सोय झाली, अनोळखी शेतघरवाल्यांना परत जावं लागलं. म्हणून वाडीपासून हाकेच्या अंतरावर राहा. पालखीला, लग्नाला, मर्तिकाला जा. चोरापेक्षा इथे रोजचा त्रास माकडांचा आणि रानडुकरांचा आहे. डुकरांसाठी गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत, घाला. हळद आणि आलं यांना माझ्याकडे माकडांनी कधी हात लावला नाही.

पावसाळ्यातल्या रात्री ग्रामीण रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागतो, तेही एकदा गाडी काढून बघा. विंचू-सापाच्या प्रदेशात हे टाळू नका.

शेवटचं कागदांचं. महाराष्ट्रात 1948 च्या कुळकायद्यानुसार शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते, तेव्हा घराण्यात कुठे सातबारा आहे का ते आधी शोधा. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-तीस नावं असतात, त्यातली निम्मी माणसं मुंबईत. माझा दुसरा व्यवहार यातच फसला. विकणाऱ्याने चुलत्यांची संमती असल्याचं सांगितलं होतं, ती नव्हती, आणि इसार परत मिळायला दीड वर्ष गेलं. भोगवटादार वर्ग 2 लिहिलेलं असेल, म्हणजे जमीन विकायला सरकारी परवानगी लागत असेल, तर त्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. वाट सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही, ती गाव नकाशात पाहा, आणि सरकारी मोजणी होऊन हद्दीच्या खुणा रोवल्याशिवाय पैसे देऊ नका.