फुकटचा कोर्स, आणि जपून ठेवायचे 36 महिने

पत्र : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा हायस्कूल संपल्यावर कॉलेजला न जाता अमेरिकेच्या आर्मीत भरती झाला. आता तो फोर्ट कॅम्पबेलला सार्जंट आहे, गाड्यांचा मेकॅनिक. सहा वर्षं पूर्ण करून अकरा महिन्यांनी बाहेर पडेल. आम्हाला वाटलं होतं, आता तरी डिग्री करेल. पण तो म्हणतो, व्हर्जिनियात सोळा आठवड्यांचा सीएनसी मशीनिंगचा, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या यंत्रांनी धातू घडवण्याचा, कोर्स आहे, फी नाही, राहणंही मोफत. जे फुकट मिळतं त्यात दम तो काय असणार? त्याचे बाबा शिकले मेकॅनिकल इंजिनिअरिंग, वीस वर्षं काम केलं सॉफ्टवेअरमध्ये. ते म्हणतात, मशीनवर उभं राहायला इतक्या लांब आलो का? दोघांचं बोलणं जवळजवळ थांबलंय. मी कोणाची समजूत घालू? – एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा ‘फुकट’वरचा संशय मला रास्त वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. अशा कोर्सबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो हा की, फी विद्यार्थी भरत नाही तर मग कोण भरतंय, आणि का?

सोळा आठवडे, व्हर्जिनिया आणि राहणं मोफत या वर्णनावरून तुमचा मुलगा डॅनव्हिलच्या ‘अ‍ॅक्सिलरेटेड ट्रेनिंग इन डिफेन्स मॅन्युफॅक्चरिंग’बद्दल बोलत असावा. त्याचा खर्च अमेरिकेचं नौदल उचलतं. नौदलाला कोलंबिया आणि व्हर्जिनिया वर्गाच्या अणुपाणबुड्या बांधून हव्या आहेत. शीतयुद्ध संपल्यावर पाणबुड्यांच्या ऑर्डरी आटल्या, सुटे भाग पुरवणारे कितीतरी छोटे कारखाने बंद पडले, आणि जे कसबी हात उरले ते आता निवृत्त होत आहेत. पैसा मंजूर आहे, पण काम करणारी माणसं कमी पडतात. म्हणून तिथे सीएनसी मशीनिंग, वेल्डिंग, अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग (थ्रीडी प्रिंटिंग), मोजमाप-तपासणी आणि भाग न तोडता त्यातले दोष शोधण्याची तंत्रं असे पाच व्यवसाय शिकवतात. प्रवेश माजी सैनिकांना आहे, तसा इतर नागरिकांनाही आहे. यात उपकाराचा भाग नाही. ज्याला माणसं हवी आहेत तोच पैसे भरतोय, आणि अशा वेळी शिकवण्यात हयगय केली तर नुकसान त्याचंच होतं. सॅन डिएगोची ‘वर्कशॉप्स फॉर वॉरियर्स’ ही संस्था वेगळ्या वाटेने हेच करते. नौदलातून आलेल्या एका अधिकाऱ्याने ती 2008 मध्ये सुरू केली आणि मुख्यतः देणग्यांच्या बळावर तिथे माजी सैनिकांना वेल्डिंग आणि मशीनिंग शिकवतात.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या ‘मोफत’ची. माजी सैनिकांसाठीच्या अनेक जाहिरातींत ‘तुम्हाला एक पैसाही पडणार नाही’ असं लिहिलेलं असतं, पण फी मुलाच्या जीआय बिलातून, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेतून, वळती होते. सहा वर्षं सक्रिय सेवा आणि सन्मानाने सेवामुक्ती असेल तर तुमच्या मुलाला या बिलाचा पूर्ण लाभ आहे, म्हणजे 36 महिन्यांचं शिक्षण. राज्याच्या सरकारी कॉलेजची पूर्ण फी आणि वर दरमहा घरभत्ता. ही त्याची सहा वर्षांची कमाई आहे. नफा कमावणाऱ्या काही शिक्षणसंस्थांचा या कमाईवर वर्षानुवर्षं डोळा होता आणि त्याला कायद्यातली एक फट कारण होती. अशा संस्थांचं किमान 10 टक्के उत्पन्न सरकारी विद्यार्थी-मदतीबाहेरून यायला हवं असा नियम होता, पण जीआय बिलाचा पैसा ‘बाहेरचा’ धरला जाई. म्हणून सैनिकांना ओढायची चढाओढ लागायची. ही फट बुजवणारा कायदा 2021 मध्ये झाला आणि 2023 पासून लागू झाला. त्याआधी, 2016 मध्ये, आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूटने देशभरातली शंभराहून जास्त केंद्रं एकाएकी बंद केली तेव्हा कित्येक माजी सैनिकांच्या हाती ना सर्टिफिकेट राहिलं, ना खर्च झालेले महिने. ते महिने परत मिळण्याची तरतूद व्हायला 2017 उजाडलं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की, जो कोर्स दुसरा कोणी पैसे भरून शिकवतोय तो खुशाल करावा आणि जीआय बिलाला हात लावू नये. 1 जानेवारी 2013 नंतर सैन्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी त्या 36 महिन्यांना आता मुदत नाही. तुमच्या मनातली डिग्री रद्द होत नाही, ती त्याच्या नावावर शिल्लक राहते. तिशीत त्याला मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग करावंसं वाटलं तर तेव्हाही ते करता येईल, आणि तोवर टूल कशाने तुटतं हे त्याने हाताने अनुभवलेलं असेल. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सरकारमान्य अप्रेंटिसशिप करतानाही जीआय बिलाचा घरभत्ता मिळतो, कंपनीच्या पगाराच्या वर. पहिले सहा महिने पूर्ण, पुढच्या सहा महिन्यांत 80 टक्के, मग 60, 40, आणि शेवटपर्यंत 20. सुरुवातीचा पगार बेताचा असतो तेव्हाच भत्ता जास्त असतो. कोर्सनंतर नोकरी देणाऱ्या कंपनीत अशी अप्रेंटिसशिप आहे का, हे त्याने आवर्जून विचारावं.

आता कॅलेंडर, कारण अकरा महिने वाटतात तेवढे मोठे नाहीत. सैन्यातून बाहेर पडण्याआधी नागरी आयुष्याची तयारी करून घेणारा ‘टॅप’ कार्यक्रम किमान 365 दिवस आधी सुरू व्हावा असा नियम आहे. त्याचा सुरू झाला नसेल तर या आठवड्यात व्हायला हवा. त्यानंतर स्किलब्रिज. सेवेच्या शेवटच्या 180 दिवसांत, सैन्याचा पगार चालू असतानाच बाहेरच्या कंपनीत किंवा संस्थेत प्रशिक्षण घेण्याची ही सोय आहे. 180 ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात किती दिवस मिळतील हे दलावर आणि हुद्द्यावर ठरतं, आणि कमांडरची सही लागते. स्किलब्रिज हा कोणाचा हक्क नाही. युनिटला माणूस सोडणं परवडत नसेल तर नकार मिळू शकतो, आणि मेकॅनिकच्या बाबतीत ही शक्यता धरूनच चालावं. सोळा आठवडे म्हणजे 112 दिवस. शिल्लक रजाही शेवटीच घ्यायची असते. हे दोन्ही बसवायचं तर त्याने कोर्सच्या बॅचच्या तारखा आणि स्वतःची रजा एका कागदावर मांडून आत्ताच अर्ज करावा, आणि डॅनव्हिलच्या लोकांना स्किलब्रिजमधून प्रवेश मिळेल का हे थेट विचारावं. नकार आला तरी बिघडत नाही. बाहेर पडल्यावर कोर्स करता येतोच, फक्त ते चार महिने पगार नसेल. तेव्हा त्याला तुमच्या घराचा आधार लागेल, ताई.

याच काळात आणखी एक काम निसटतं. सहा वर्षं गाड्यांखाली आणि इंजिनांच्या आवाजात काढलेल्या माणसाचे गुडघे, पाठ आणि कान पूर्वीसारखे नसतात. अपंगत्व भरपाईचा दावा बाहेर पडण्याआधी 180 ते 90 दिवसांच्या दरम्यान दाखल करता येतो. त्यासाठी तपासण्या असतात, आणि मुलगा त्याच वेळी डॅनव्हिलला असला तर त्या राहून जातात. तरुण मुलं ‘मला काही झालं नाही’ म्हणून हे टाळतात. तुम्ही त्याला टाळू देऊ नका. मशीन शॉपमध्येही आवाज असतोच, आजची कानांची तपासणी पुढे उपयोगी पडेल.

इथवर मी मुलाच्या बाजूने बोलले. आता त्याच्याशी थोडं न पटणारं. सोळा आठवड्यांत कोणी मशिनिस्ट होत नाही. त्याला ड्रॉइंग वाचता येईल, मायक्रोमीटर हाताळता येईल, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर लावता येईल, साधा प्रोग्राम तपासता येईल. पण कारखान्यात पहिली जागा बहुधा ऑपरेटरची मिळते, तीही सेकंड शिफ्टला. ऑपरेटरवरून सेटअपला, म्हणजे मशीन कामासाठी लावून देण्याला, आणि तिथून प्रोग्रामिंगला जायला काही वर्षं लागतात. जो ऑपरेटर दुसऱ्याने लावलेल्या मशीनचं बटण दाबण्यातच राहतो, त्याची जागा रोबो सगळ्यात आधी घेतो. म्हणून नोकरी घेताना पहिल्या पगारापेक्षा सेटअप कोण शिकवणार हे विचारणं महत्त्वाचं.

आणि त्याने मशीनिंगच का निवडलं, हे मला त्याच्याकडून ऐकायला आवडेल. सहा वर्षं त्याने बिघाड शोधले आहेत. हायड्रॉलिक्स, वायरिंग, गळती, आवाजावरून ओळखलेला बेअरिंगचा दोष, आणि हे सगळं कोणीतरी डोक्यावर उभं राहून ‘गाडी कधी निघणार’ विचारत असताना. कारखान्यात नेमकं हेच काम इंडस्ट्रियल मेंटेनन्स मेकॅनिक करतो, फक्त ट्रकच्या जागी प्रॉडक्शन लाइन असते आणि वर पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, शिकावं लागतं. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकडेवारीत औद्योगिक यंत्रांच्या मेकॅनिकचा मधला वार्षिक पगार 60,000 डॉलरच्या वर दिसतो. मागणीही मेकॅनिकची जास्त वेगाने वाढते आहे, कारण जितके रोबो येतील तितके ते दुरुस्त करणारे लागतील. फोर्ट कॅम्पबेल केंटकी-टेनेसीच्या सीमेवरच आहे, आणि केंटकीत ‘फेम’ नावाचा कार्यक्रम 2010 मध्ये टोयोटाच्या पुढाकाराने सुरू झाला. त्यात दोन वर्षं आठवड्याचे दोन दिवस कम्युनिटी कॉलेज आणि तीन दिवस कंपनीत पगारी काम असतं, आणि शेवटी असोसिएट डिग्री मिळते. तुमची डिग्री आणि त्याचं मशीन, दोन्ही एका ठिकाणी. इथे मात्र जीआय बिलाचे काही महिने खर्च करणं मला योग्य वाटतं.

त्याला मशीनिंगच आवडत असेल, धातू इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत नेमका उतरवण्यातच त्याचा जीव रमत असेल, तर डॅनव्हिल उत्तम आहे. फक्त निवडण्याआधी त्याने या दोन्ही कामांतल्या माणसांसोबत एकेक दिवस घालवावा. जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार केंद्रात, माजी सैनिकांना कायद्याने अग्रक्रम आहे, तिथून अशा भेटी ठरवून मिळू शकतात.

राहिले त्याचे बाबा. त्यांच्या प्रश्नात तुच्छता आहे असं मला वाटत नाही. जी वाट त्यांनी स्वतः अर्ध्यावर सोडली, तिच्यावर मुलगा निघालाय, त्याची ही धास्ती असेल. पण तुमच्या घरात टॉलरन्स, फिट आणि सेक्शन व्ह्यू ही ड्रॉइंगची भाषा समजणारा एक माणूस आहे, आणि मुलाला कोर्सचे चार महिने नेमकं तेच अवघड जाणार आहे. कोणाची समजूत घालू असं तुम्ही विचारलंत. मी तुमच्या जागी असते तर कोणाचीच घातली नसती. मुलाला सांगा, शॉप बघायला जाशील तेव्हा तिथलं एखादं सरावाचं ड्रॉइंग मागून आण आणि सुट्टीत घरी आलास की बाबांना विचार, यातलं हे चिन्ह कशाचं?